डाव्या पायाला काम नाही

किन्हीराजा,
७ नोव्हेंबर १९७६

दादा,

जयभीम. सहा वर्षांनी घरचं पत्र आलं म्हणजे कोणी तरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. आपल्या वाड्यातला रामधन दिवाळीला मुंबईहून गावी आला होता. त्याने सांगितलं की तू भायखळ्याच्या एका गॅरेजात परदेशी गाड्यांचे गेरबॉक्स उघडतोस. पत्ता त्यानेच दिला. पत्राला कारण गाडी आहे, दुसरं काही नाही.

बाबांच्या शेवरलेटला आटोमॅटिक गेर बसवायचा आहे. ज्याला क्लच नसतो तो. बाबांचा डावा गुडघा धरतो, क्लच दाबवत नाही. असा बॉक्स जुन्या गाडीतून काढलेला मिळतो का, आपल्या गाडीला बसेल का, आणि बसवणार कोण, एवढं कळव. गाडी एकावन्नची, नोकरी संपताना साहेबाने बाबांना दिलेली, हे तुला मी सांगायला नको. तू ती पुसण्यात जेवढी वर्षं घालवलीस तेवढी मी शाळेत घालवली नाहीत.

मी इथल्याच शाळेत शिकवते. आई बरी आहे. भीमजयंतीच्या आधी काम झालं पाहिजे.

भागिरथा


किन्हीराजा,
५ डिसेंबर १९७६

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखतो तर गाडी विकून टाका, आटोमॅटिक हे तुमच्या तिकडचं काम नव्हे, आणि खाली सही, शेषराव. "तुमच्या तिकडचं" हे शब्द मी आईला वाचून दाखवले नाहीत. तुझी नाळ मुंबईत पुरली होती का रे?

आता खरं लिहिते, कारण खोट्याला तीनच ओळी मिळतात हे कळलं.

बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. माणूस समोर उभा राहिला तर कोणी तरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. दोन वर्षांपासून ते स्टिअरिंगच्या चाकावर बसलेले नाहीत. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन हाताने चाचपत गाडी पुसतात, झालं. आटोमॅटिक मला हवा आहे. मला गाडी चालवायची आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

मागच्या जयंतीला बाबांनी शिरपूरच्या गुलाबसिंग ड्रायव्हरला बोलावलं होतं. गाडी हारांनी सजवली, मागच्या सीटवर बाबा बाबासाहेबांची तसबीर मांडीवर धरून बसले, त्यांच्या शेजारी मी. मी दरवर्षी तिथेच असते. सगळ्या बाया चालतात, नाचतात, आणि वाळलेल्या डाव्या पायाची मी सामानासारखी मागे. गुलाबसिंगला ट्रकची सवय. माणसांच्या चालीने गाडी न्यायची म्हणजे अर्धा क्लच दाबून ठेवावा लागतो, त्याने तो सगळ्या रस्त्याने तसाच दाबला आणि बाजाराच्या चौकात क्लचप्लेट जळली. धूर, वास, गाडी बंद. पोरं धक्का मारायला धावली. तेव्हा गुलाबसिंग खिडकीतून म्हणाला, "पह्यले ते लंगडी उतरवा, वजन कमी होईन."

मला उतरवलं, दादा. उचलून. तुळसाबाई माळणीच्या ओट्यावर, वांग्यांच्या पाटीशेजारी बसवलं आणि मिरवणूक पुढे गेली. तुळसाबाईने पाणी दिलं, कडेवरचं नातवंड माझ्या मांडीवर दिलं, म्हणजे मी तिथे कामाला बसले आहे असं लोकांना वाटावं. चांगली बाई आहे. जयघोष विहारापर्यंत जाईस्तोवर मी तो ऐकत बसले. बाबा गाडीतच होते. ते काही बोलले नाहीत. ते मला गुलाबसिंगपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर श्रावणात शाळेच्या सहलीबरोबर मी शिरपूरला गेले. जैन मंदिरापाशी मुंबईच्या कोणा शेटची मोठी गाडी आली होती. ड्रायव्हर ती मागे घेत होता, मी खिडकीपाशी होते. त्याने डावा पाय उचलून सीटवर मांडी घातली होती. पाय सीटवर आणि गाडी चाललेली. मी त्याला विचारलं, भाऊ, ह्या पायाला काही काम नाही का? तो म्हणाला, नाही बाई, आटोमॅटिक आहे. त्या दिवसापासून माझं कशात मन नाही. फळ्यावर पाढे लिहिताना माझा उजवा पाय खाली दाबत असतो.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. जी जागा बाबांनी तुला दिली नाही ती मी मागते आहे, आणि तुझ्याच हातून. सहा वर्षांपूर्वी जयंतीला सगळ्या बौद्धवाड्यासमोर तू चाबी मागितलीस आणि बाबा म्हणाले, "शेषरावचा पाय जड हाय, त्याच्या हाती गाडी नाई देत." मी तेव्हाही मागच्या सीटवर होते. तुझं तोंड मी पाहिलं आहे. म्हणून तर तुलाच लिहिते. दुसऱ्या कोणाला हे समजणार नाही.

भागी


किन्हीराजा,
९ जानेवारी १९७७

दादा,

उत्तर नाही. रोज पोस्टमन शाळेवरून जातो आणि मी वर्ग सोडून दारात येते. पोरांना आता कळलंय, तेच ओरडतात, बाई, नाई आलं.

बाबांना मी सांगून टाकलं. सरळ. ते गाडीचं बोनेट पुसत होते, हात थांबला नाही. म्हणाले, गाडी पायानं चालते, पोरी, हट्टानं नाई चालत. आईने चुलीजवळून विचारलं, मंग तुमी डोळ्याबिगर गाडी पुसता, ते हट्टानंच ना? मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काल शेडमध्ये कोणी नसताना मी चाकावर बसले. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला आणि वरून गुडघा दाबला. पेडल हललं. मग हात स्टिअरिंगला लावले तर पेडल वर आलं आणि पाय खाली पडला. असं मी किती वेळ करत बसले मला सांगता येत नाही. मला तीन हात असते तर तुझी गरज पडली नसती.

तू मला नाही म्हण, पण काही तरी म्हण. असं मध्ये लटकवून ठेवू नकोस.

भागी


किन्हीराजा,
६ फेब्रुवारी १९७७

दादा,

एवढं मोठं पत्र. चित्रासकट. आधी तारीख पाहिली, मग अक्षर पाहिलं, मग रडले, मग वाचलं.

तू लिहितोस, तिथेही तू गाडीखालीच असतोस, बॉक्स बसवला की शेटचा ड्रायव्हर वर चढतो आणि गाडी फिरवून आणतो. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं मुंबईत गेलास म्हणजे एव्हाना शंभर गाड्या चालवल्या असशील. मी गेल्या पत्रात बोलले ते जास्तच बोलले.

आता कामाचं. तुझ्याकडे दोन बॉक्स आहेत. पहिला दोन गेरचा, ओतीव लोखंडाचा, जड, आपल्याच गाडीच्या घराण्यातला. पेट्रोल पितो आणि पातूरच्या घाटात रडेल. दुसरा तीन गेरचा, नवा, हलका, चपळ, पण त्यासाठी गाडीची जमीन, म्हणजे पायाखालचा पत्रा, कापावी लागेल. तुझं मत तीन गेरचा घ्यावा. गावातही ज्याला त्याला विचारलं तो तीनच म्हणतो, जणू बॉक्स नसून भाकरी आहेत.

पण तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती तू नुसती सावध करायला लिहिली आहेस. आटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते, पेट्रोलचं पेडल दाबलं नाही तरी सरकते, नवखा माणूस घाबरतो. दादा, ही ओळ मी बाबांना वाचून दाखवली. "पुन्ना वाच," म्हणाले. पुन्हा वाचली. मग विचारलं, किती जोरानं सरकते? आणि मला म्हणाले, शेषरावले इचार. सहा वर्षांनी तुझं नाव घेतलं. गाडीसाठी का होईना.

म्हणून विचारते. दोघांतला हळू कोण सरकतो? आम्हाला घाट चढायचा नाही. विहारापासून बाजाराच्या चौकापर्यंत आणि परत, लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या मागे, म्हाताऱ्या बायांच्या चालीने जायचं आहे. तूच लिहितोस की तीन गेरचा उतावळा आहे, ब्रेक सोडला की उडी घेतो, आणि दोन गेरचा मठ्ठ. मला मठ्ठ हवा. दोन गेरचा पाठव. एप्रिलच्या उन्हात सरकत राहिलं तर आतलं तेल तापेल म्हणतोस, तर तेलाची नळी रेडिएटरपर्यंत न्यायची ती ने, तुला कळतं ते कर.

बाबांची एकच तक्रार राहिली. ही गाडी धक्का मारून सुरू होणार नाही हे मी वाचलं तेव्हा ते म्हणाले, ज्या गाडीले गाव धक्का मारू शकत नाई ते गाडी गावाची कशी? मी म्हटलं, मागच्या साली मारला ना गावानं धक्का, मले उतरवून. बाबा उठून बाहेर गेले. संध्याकाळी आले ते म्हणाले, नवी बॅटरी लागन मंग.

आता तू येणार का ते सांग. चित्रावरून इथला कोणी बसवेल असं तुलाही वाटत नाही, मलाही वाटत नाही.

भागी


किन्हीराजा,
१३ मार्च १९७७

दादा,

बॉक्स पोहोचला. अकोल्याहून मालट्रकने आपल्या मालेगावला आला आणि तिथून बैलगाडीने घरी. निवडणुकीच्या जीपा भोंगे वाजवत गावात फिरत आहेत, त्यांच्या मधून आपली बैलगाडी. लोकांना वाटलं उमेदवाराचं काही असेल. बाबांनी पोतं सोडून त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, लई वजनी हाय.

तू पंचवीस तारखेला येतोस हे त्यांना सांगितलं. काल त्यांनी शेड झाडून घेतली, आणि आज आईला म्हणाले की शेषराव वांग्याची भाजी जाड कापलेली खात नाही. आईने सांगितलं, मले म्हाईत हाय, म्याच जनलं त्याले.

आल्यावर त्यांच्याशी गाडीबद्दल बोल. दुसरं काही काढू नकोस. तेही काढणार नाहीत. तुम्ही दोघे बोनेटमध्ये डोकं घालून उभे राहिलात तर निदान एकमेकांकडे पाहावं तरी लागणार नाही.

माझी झोप उडाली आहे. शाळेत दुसरीच्या पोरांना मी काल तिसरीची कविता शिकवली.

भागी


किन्हीराजा,
१६ एप्रिल १९७७

दादा,

कोणाला न सांगता तू एस.टी.त बसलास. तुझी पिशवी आईने भरून ठेवली होती, ती इथेच आहे. हत्यारंही इथेच आहेत. तू काय समजून गेलास ते मला ठाऊक आहे, म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते. मधेच पत्र फाडू नकोस.

पहिलं हे की जयंतीच्या सकाळी बाबांनी चाबी तुझ्या हातात ठेवली तेव्हा मी तुझ्यावर जळले. पंधरा दिवस तू मला तुळसाबाईच्या मोकळ्या वावरात शिकवलंस. माझ्याशेजारी बसून "सोड, सोड, आता धर" म्हणत राहिलास. आणि चाबी घेताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मी काही बोलले नाही, कारण बाबांच्या हातून तुला ती चाबी मिळावी म्हणून मी सहा वर्षं मनात झुरले होते, आणि मिळाली त्या दिवशी ती मलाच हवी होती. मी मुकाट्याने मागच्या सीटवर बाबांशेजारी जाऊन बसले. माझी ठरलेली जागा.

पुढचं तुला माहीत आहे. पण मी मागून पाहिलं. विहारापासून निघालो तेव्हा गाडी अशी सरकली की बाबांनी तसबिरीवरचा हात सैल केला. मग लेझीमवाला एक पोरगा चाकापुढे आला, तू थांबवायला गेलास, आणि तुझा डावा पाय क्लच शोधत खाली गेला. क्लच नव्हता. तूच बसवलेलं ते रुंद ब्रेकचं पेडल होतं. दोन्ही पाय ब्रेकवर. गाडी जागच्या जागी गचकली, तसबीर बाबांच्या कपाळावर आपटली, बाया ओरडल्या. पुढे पुन्हा तेच. वावरात हे झालं तेव्हा आपण हसलो होतो. तू म्हणालास, सवय जाईल. आणि तिसऱ्यांदा बाजाराच्या चौकात, बरोबर तुळसाबाईच्या ओट्यासमोर. तिथे गुलाबसिंग उभा होता. कोणी तरी बाबांचं नाव घेऊन म्हणालं, देवमन सांगे ते खरंच हाय, याचा पाय जडच हाय.

ते तू ऐकलंस. तुझे कान लाल झालेले मी मागून पाहिले. मला वाटलं तू गाडी तिथेच टाकून जाशील. तू ब्रेक धरून ठेवलास, गेर न्यूट्रलला टाकलास, हँडब्रेक ओढलास, एवढं सगळं नीट केलंस आणि मागे वळून म्हणालास, "भागी, तू बस. तुया डाव्या पायाले काई म्हाईत नाई, तेच बरं हाय."

मला उतरायला तुझाच हात होता. गाडीला धरून धरून मी पुढे आले. चाकावर बसेपर्यंत तू गर्दीत दिसेनासा झालास. मला हाक मारायची होती, पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि ब्रेक सोडायचा होता. उजव्या पायाने ब्रेक धरून मी गेर टाकला, हँडब्रेक काढला.

मी ब्रेक सोडला.

गाडी चालायला लागली. मी काही केलं नाही, दादा. माणसं चालत होती तशी ती चालली. थांबायचं झालं की उजव्या पायाने हलकेच थांबवायची, सोडली की पुन्हा चालायची. माझा डावा पाय खाली पडून होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्यामुळे काही अडलं नाही. तुळसाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली आणि पदराने तोंड पुसू लागली. गुलाबसिंगकडे मी पाहायचं ठरवलं होतं. पाहायचं राहून गेलं.

आता जे तू ऐकलं नाहीस ते. बाबांना दार वाजलेलं कळलं होतं, पण ढोलांच्या आवाजात कोण उतरलं कोण चढलं ते कळलं नव्हतं. बऱ्याच वेळाने मागून म्हणाले, "आता जमलं तुले, शेषराव. आता कसं माणसासारखं चालून राह्यली."

दोन पावलं वाटलं, ते तुला म्हणाले असंच राहू द्यावं. मग म्हटलं, बाबा, मी हाव. भागी.

"शेषराव कुठं गेला?"

"उतरला."

विहाराची कमान आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुहा डावा पाय कुठं हाय?"

"खाली हाय. काई करत नाई."

"राहू दे त्याले," म्हणाले.

एवढ्याने माझं भागलं, दादा. माझं भागलं, पण तुझं नाही, हे मला कळतं. जी जागा तुला आयुष्यात एकदा मिळाली ती तू स्वतः उठून मला दिलीस, आणि गावाने समजलं की तू हरलास. मी त्याच दिवशी चौकात उतरून सांगायला हवं होतं. आता घरोघर सांगत फिरते आहे, पण मिरवणुकीत बोललेला शब्द परत गोळा होत नाही. तू लिही. तीन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

भागी


किन्हीराजा,
२१ एप्रिल १९७७

दादा,

तुझ्या उत्तराची वाट पाहायला धीर नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मला बसवत नाही.

काल दुपारी बाबा म्हणाले, गाडी वावरात घे. घेतली. मला म्हणाले, सरक. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला दिसत नाही. म्हणाले, वावरात काय हाय आपटायले? तुळसाबाईने आधीच सगळं उपटून नेलं होतं, नुसती ढेकळं. मी बाजूच्या सीटवर सरकले आणि ते चाकावर बसले. हात स्टिअरिंगवर आपोआप गेले, पाठ ताठ झाली, तुला आठवतं ना ते कसे बसायचे. मी गेर टाकून दिला. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी ढेकळांवरून सरकत निघाली आणि बाबांचं तोंड, काय सांगू, लहान पोरासारखं झालं.

मी म्हटलं, आता थांबवा.

त्यांचा डावा पाय खाली गेला. गाडी गचकली, आम्ही दोघे काचेवर.

पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. पुन्हा डावा पाय. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्या हाताने मांडी दाबून धरली, तरी पाय गेलाच. चाळीस वर्षं साहेबाची गाडी चालवलेला पाय, तो ऐकतोय का आता. मग ते चाकावर डोकं टेकून बसले. मला वाटलं चक्कर आली. पाहते तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि नंतर नुसतं पाणीच राहिलं.

घरी आल्यावर जेवायलाही बसले नाहीत. म्हणाले, कागद घे. मी म्हटलं, काय लिहू? बराच वेळ धोतराचा सोगा हातात चुरगाळत राहिले. मग सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, एक अक्षर माझं नाही.

"शेषरावले लिही, माहा पाय बी जडच निघाला. दिवाळीले ये म्हणा. दोघं मिळून भागीपाशी शिकू."